रिजेक्ट झालेली ऑर्डर कुणाच्या टेबलावर आहे? लष्करी वेतनव्यवस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
भूदलाच्या वेतन लेखा कार्यालयांचे प्रमुख, रेकॉर्ड ऑफिसांचे अधिकारी आणि युनिटांचे कमान अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पुण्यातून जातं आहे, हे योग्यच म्हणायला हवं. भूदलातल्या अधिकाऱ्यांची पगाराची खाती इथे गोळीबार मैदानावर ठेवली जातात. जवानांची खाती ज्याच्या त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, जोडलेल्या पे अकाउंट्स ऑफिसात असतात, त्यामुळे बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअरांच्या गटातल्या जवानाचं खातं खडकीत. शिवाय दिघी, विश्रांतवाडी, भोसरी या पट्ट्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहून, सीमेवर असलेल्या नवऱ्याच्या पगारावर घर चालवणारी कितीतरी कुटुंबं आहेत. सही करणारे आम्ही सगळे निवृत्त. कुणी युनिटात हेडक्लार्क होतं, कुणी रेकॉर्डमध्ये, कुणी लेखा कार्यालयात ऑडिटर. कुठल्या एका कार्यालयावर बोट ठेवायला हे पत्र लिहिलेलं नाही. दोष साखळीच्या सांध्यांत आहे आणि सांधा कुणा एकाच्या मालकीचा नसतो, तिथेच सगळी गोची आहे.

पगार चुकला की पहिला दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. पण पगाराचे दर संगणकाला पाठ असतात. वेतन मॅट्रिक्सच्या, म्हणजे पगाराच्या ठरलेल्या तक्त्याच्या, लेव्हल ३ चा शिपाई २१,७०० वर सुरू होतो, हवालदाराची लेव्हल ५ सुरू होते २९,२०० वर, जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) आणि इतर रँकना मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, महागाई भत्ता १ जुलै २०२५ ला ५८ टक्के झाला. यात चूक झाली तर ती सगळ्यांचीच होते आणि दुसऱ्या दिवशी बोंब उठते. एकट्यादुकट्याचा पगार चुकतो तो बातमी न पोचल्यामुळे. बदली झाली, बढती झाली, क्वार्टर मिळालं, मूल झालं, ही बातमी म्हणजे पार्ट टू ऑर्डर. युनिट ती काढतं, रेकॉर्ड ऑफिस तपासतं, पे ऑफिस खात्याला लावतं. या तीन टप्प्यांत कुठेही ऑर्डर नाकारली गेली तर ज्याचा पगार अडतो त्याला ते कळवायची जबाबदारी नेमकी कुणाची, याचं एका वाक्यात उत्तर आपल्यापैकी कुणी देऊ शकेल का?

एक खातं उघडून पाहू. हवालदार १४ जूनला पुण्यातल्या युनिटमधून निघाला आणि २६ जूनला फील्ड एरियातल्या नव्या युनिटमध्ये हजर झाला. जुन्या युनिटनं त्याला पटावरून कमी केल्याची, म्हणजे एसओएसची ऑर्डर काढली. पण आर्मी नंबरच्या शेवटचं अक्षर चुकलं. ते अक्षर शोभेचं नाही. आधीच्या अंकांवरून ते निघतं आणि अंक चुकलेत का हे त्याच्यावरून कळतं. अक्षर जुळलं नाही, ऑर्डर बाहेर. इकडे नव्या युनिटनं बिनचूक टीओएस, म्हणजे पटावर घेतल्याची ऑर्डर, काढली. तीही नाकारली गेली, कारण खात्याच्या लेखी माणूस अजून पुण्यातच होता. मग फील्ड एरिया अलाउन्सची ऑर्डर गेली. माणूस त्या युनिटच्या पटावरच नाही म्हणून तीही परत. कुटुंब पुण्यात राहणार म्हणून घरभाडं भत्त्याची ऑर्डर गेली, तिचंही तेच झालं. चूक एका अक्षराची आणि अडकल्या चार ऑर्डरी, त्यातल्या तीन स्वतः निर्दोष.

आता पैशांत बघा. जवानाचा फील्ड एरिया अलाउन्स मुळात महिना ६,०००. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतरच्या २५ टक्के वाढीनं तो ७,५०० झाला. सहा महिने अडला की ४५,००० रुपये येणं. उलट बाजूला पुण्याच्या चढ्या दराचा ट्रान्सपोर्ट अलाउन्स चालूच राहतो. पुणे हे चढ्या दराच्या १९ शहरांपैकी एक असल्यानं इथे ३,६०० आणि त्यावर महागाई, इतर ठिकाणी १,८०० आणि त्यावर महागाई. ५८ टक्के महागाई धरून फरक महिन्याला २,८४४. सहा महिन्यांत १७,०६४ रुपये देणं. खातं सुधारताना हे दोन्ही आकडे एकाच दिवशी पडायला हवेत. तसं झालं तर जवानाच्या हातात २७,९३६ येतात. प्रत्यक्षात वजाबाकीची ऑर्डर आधी लागते, जमेची पुन्हा कुठेतरी अडते, आणि घरी फोन जातो, ‘या महिन्यात कमी आलेत, काही विचारू नकोस.’

यावरचा उपाय नव्या सॉफ्टवेअरइतका महाग नाही. नाकारलेल्या ऑर्डरींची यादी आज तयार होतच असते. ती सुटी सुटी नाकारण्यांची न करता माणसागणिक लावा. एका आर्मी नंबराखाली जे जे नाकारलं गेलं ते सगळं तारखेच्या क्रमानं एकत्र आलं की मुळावरची ऑर्डर कुठली हे नवख्या क्लार्कलाही दिसतं. तेवढी दुरुस्त करायची आणि बाकीच्या ऑर्डरी यंत्रणेनं आपोआप पुन्हा तपासायच्या. युनिटला त्याच ऑर्डरी नव्यानं काढायला लावू नका. नव्यानं काढल्या की नंबर नवा, तारीख नवी, आणि जुनी-नवी दोन्ही लागल्या तर दुहेरी पेमेंट. पुढच्या वसुलीचं बी तिथेच पडतं.

नाकारण्याचं कारणही माणसाच्या भाषेत छापा. नुसता कोड आला तर क्लार्क शेजारच्या युनिटला फोन करून त्याचा अर्थ विचारतो. ‘मागच्या युनिटची एसओएस लागलेली नाही, ती आधी लावा’ असं लिहून आलं तर अर्धं काम तिथेच झालं. पुढे दोन रकाने हवेत, ऑर्डर सध्या कुणाकडे आहे आणि किती दिवसांपासून. दिवसांचा रकाना सगळ्यांना बोचेल. बोचलाच पाहिजे.

युनिटांच्या कमान अधिकाऱ्यांना एक विनंती. ऑर्डर ‘प्रसिद्ध झाली’ की युनिटच्या लेखी काम संपतं. जवानाच्या लेखी ते संपतं ऑर्डर पे स्लिपवर उतरते तेव्हा. ऑर्डरींच्या रजिस्टरला एक रकाना वाढवा, ‘कोणत्या महिन्याच्या स्लिपवर आली’. दर महिन्याला स्लिपा आल्या की पहिल्या आठवड्यात मागच्या साठ दिवसांतल्या ऑर्डरी त्यांच्याशी ताडून पाहायच्या. आठशे माणसांच्या युनिटलाही दोन क्लार्कना हे दोन दिवसांचं काम आहे. आणि क्लार्क रजेवर किंवा कोर्सला जाणार असेल तर चार्ज देताना स्टॅम्प, फाइल आणि किल्ल्यांबरोबर नाकारलेल्या ऑर्डरींची यादीही सही करून द्यावी. सध्या किल्ल्या मोजून घेतल्या जातात आणि यादी ड्रॉवरमध्ये राहते.

नावांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मराठी मुलखातल्या जवानाला हे जास्त छळतं. ज्ञानेश्वर हे नाव आपल्याकडे इंग्रजीत डी-एन-वाय लिहून सुरू होतं. उत्तरेकडचा क्लार्क ते जी-वाय नं लिहितो, कारण त्याच्या कानाला तेच बरोबर. जाधव कुठे व्ही नं संपतो, कुठे ओ नं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव मधे पूर्ण, भरतीच्या कागदावर नुसतं आद्याक्षर. लग्न झालं की पत्नीचं नाव बदलतं. विवाहाची ऑर्डर माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं. नोकरीभर हे खपून जातं. चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्सच्या वेळी पहिला खडा लागतो. आता मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे, म्हणजे वर्षाला ३३,७५० आणि दोन मुलांपर्यंत. शाळेचं प्रमाणपत्र तयार असतं, पण जन्माच्या ऑर्डरमध्ये मुलाचं घरचं नाव पडलेलं असतं, आणि क्लेम परत येतो. भरतीनंतर लगेच, ट्रेनिंग सेंटरमध्येच, हे कागद समोर ठेवून एकच स्पेलिंग ठरवा आणि जवानाची त्यावर सही घ्या. पंधरा वर्षांनी ॲफिडेव्हिट, वर्तमानपत्रात जाहिरात आणि राजपत्र हा खेळ करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

पुण्याचाच म्हणून आणखी एक नमुना. १ एप्रिल २०१५ पासून पुणे घरभाड्यासाठी एक्स वर्गात, म्हणजे सगळ्यात चढ्या दरात, आलं. सध्या दर मूळ वेतनाच्या ३० टक्के. खडकी आणि देहूरोड या स्वतंत्र छावण्या असल्या तरी पुणे नागरी समूहातच मोडतात. फॉर्मवर स्टेशन म्हणून ‘देहूरोड’ लिहिलं आणि क्लार्कला यादीत ते नाव सापडलं नाही तर तो अंदाजानं त्याखालचा वाय वर्ग टाकतो. ३४,९०० मूळ वेतनावर ३० टक्के म्हणजे १०,४७०. २० टक्के म्हणजे ६,९८०. महिन्याला ३,४९० गेले. मिलिटरी सर्व्हिस पे घरभाड्याच्या हिशेबात धरत नाहीत, हेही काही जणांना नीट माहीत नसतं आणि मग खरी तक्रार खोट्या तक्रारीबरोबर फेटाळली जाते. स्टेशनच्या नावाचा रकाना हातानं भरायला ठेवूच नका. पिनकोड टाकला की वर्ग यंत्रणेनं ठरवावा.

बढतीच्या वेळचा विकल्प, म्हणजे नवा पगार कोणत्या तारखेपासून ठरवायचा याची निवड, हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कमी समजावून सांगितला जाणारा कागद. नाईक लेव्हल ४ मध्ये ३२,३०० वर आहे, त्याची वार्षिक वाढ १ जुलैला, आणि १ मार्चला तो हवालदार झाला. पहिला विकल्प बढतीच्या तारखेपासून. जुन्या लेव्हलमध्ये एक वाढ, ३३,३००; लेव्हल ५ मध्ये तेवढं किंवा त्याच्या वरचं मॅट्रिक्समधलं घर, म्हणजे पायरी, ३३,९००. दुसरा विकल्प पुढच्या वाढीच्या तारखेपासून. मार्च ते जून लेव्हल ५ मधलं लगतचं वरचं घर, ३२,९००. १ जुलैला वार्षिक आणि बढतीची अशा दोन वाढी जुन्या लेव्हलमध्ये, ३४,३००. तिथून लेव्हल ५ मध्ये ३४,९००. दुसऱ्या विकल्पात पहिले चार महिने हजार रुपये मूळ वेतन कमी, म्हणजे ५८ टक्के महागाईसकट एकूण ६,३२० चा तोटा. जुलैपासून मूळ वेतन हजारानं जास्त, म्हणजे महिना १,५८० चा फायदा. ऑक्टोबरअखेर तोटा फिटतो. पण हाच माणूस मेअखेर निवृत्त होणार असेल तर पहिला विकल्पच बरा, नाहीतर त्याचं पेन्शन ३२,९०० वर बसेल. म्हणजे सरसकट एक सल्ला देऊन चालत नाही, प्रत्येकाचा हिशेब मांडावा लागतो, आणि मॅट्रिक्स समोर असेल तर त्याला दहा मिनिटं पुरतात. बढतीच्या ऑर्डरबरोबर दोन्ही विकल्पांचा तयार हिशेब छापून जवानाच्या हातात द्या आणि मुदत संपायच्या आत सही घ्या. पर्वतात बसलेल्या माणसानं मुदतीत विकल्प दिला नाही म्हणून जन्मभर एक घर मागे राहणं कुठल्याही शिस्तीत बसत नाही.

वसुलीबद्दल आता स्पष्टच लिहितो. जास्त दिलेला सरकारी पैसा परत घ्यायचाच, त्याबद्दल वाद नाही. वाद पद्धतीचा आहे. क्वार्टर मिळाल्याची ऑर्डर आठ महिने अडली, घरभाडं चालू राहिलं, १०,४७० प्रमाणे ८३,७६० जास्त गेले. आणि एका महिन्यात खातं डेबिटमध्ये जाऊन हातात पडले नाममात्र. कशाचे कापले ते स्लिपवर एका ओळीत, ऑर्डरचा क्रमांक नाही, कालावधी नाही. मुलाची फी, बँकेचा हप्ता, गावाकडचा मनीऑर्डरवजा ट्रान्स्फर सगळं त्याच महिन्यात थटतं. वसुलीआधी निदान तीस दिवस लेखी सूचना द्या. सोबत महिनावार तक्ता हवा, काय दिलं, काय द्यायला हवं होतं, फरक, आणि कोणत्या ऑर्डरच्या आधारे. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक-पंचमांशाहून मोठा नको. आणि त्याच खात्यात जमेची ऑर्डर अडकलेली असेल तर ती लागेपर्यंत वसुली थांबवा.

सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह प्रकरणातला निकाल आणि त्यावरचं कार्मिक खात्याचं २ मार्च २०१६ चं ज्ञापन आपल्या कार्यालयांत आहेच. गट क आणि ड मधले कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेलेली जादा रक्कम, अशा प्रसंगी वसुली करू नये असं त्यात म्हटलं आहे. जवानांनाही सांगायला हवं की हा निकाल म्हणजे सरसकट माफी नव्हे. ‘जास्त मिळाल्यास परत करीन’ असं लिहून दिलं असेल तर बाजू लंगडी पडू शकते, हे त्याच न्यायालयानं २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात दाखवलं, आणि सातव्या वेतन आयोगाच्या विकल्पपत्रात तसं वचन होतं. पण वसुलीच्या फाइलवर या कसोट्या लावून पाहिल्याची एक टीप तरी असावी. ती नसते, आणि माणूस न्यायाधिकरणात जातो.

बँकेच्या तपशिलाबाबत थोडक्यात. १ एप्रिल २०२० च्या विलीनीकरणांनी सिंडिकेट, ओरिएंटल, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद अशा बँकांची नावं गेली आणि यथावकाश आयएफएससीही बदलले. जुने कोड अजून एखाद्या खात्यात, विशेषतः वारसाच्या रकान्यात, पडून असतात. एनईएफटीचा पैसा खाते क्रमांकावर जातो, नाव जुळवलं जात नाही. एक अंक चुकला तर तो परत येईल याची खात्री नाही. खातं बदललं की पगाराआधी एक रुपया पाठवून पाहायचा आणि जवानाकडून हो घ्यायचं, बस.

आता घाई कशासाठी ते. आठवा वेतन आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमला गेला आणि अहवालासाठी त्याला १८ महिने दिले आहेत. नवीन निश्चिती होईल ती आजच्या मूळ वेतनावर. मागच्या वेळी, सातव्या आयोगात, काय झालं ते आठवा. मूळ वेतन अधिक ग्रेड पे ९,२०० असलेल्या शिपायाला २.५७ नं गुणून २३,६४४ आले आणि लेव्हल ३ मध्ये तो २३,८०० वर बसला. त्याची एक वाढ लागायची राहिली होती. ती लागली असती तर ९,४८० चे २४,३६४ होऊन तो २४,५०० वर बसला असता. २८० ची चूक ७०० ची झाली, वर दर महिन्याला महागाई, आणि पुढच्या प्रत्येक बढतीत तीच पायरी खाली. म्हणून साफसफाई आयोगाआधी करायची. अडलेल्या वाढी, न दिलेले विकल्प, न जुळलेल्या एसओएस-टीओएस हे तीन ढीग आधी उपसा. बाकीचं नंतर केलं तरी चालेल.

नवा आयोग आला की नवं सॉफ्टवेअर किंवा निदान नवी आवृत्ती येणार. ती चालू करताना दोन पूर्ण महिने जुनी आणि नवी पद्धत समांतर चालवा आणि प्रत्येक खात्याचा रुपयान् रुपया ताडून पाहा. एकूण बेरीज जुळली म्हणून खूश होऊ नका. एकाला पाचशे जास्त आणि दुसऱ्याला पाचशे कमी गेले तरी बेरीज जुळतेच. चाचणीला सरळ खाती घेऊ नका. महिन्याच्या मधे बढती झालेला, पदावनती झालेला, पळून जाऊन परत हजर झालेला, हॉस्पिटलात दाखल असलेला, डेप्युटेशनवरून परतलेला, डीएससीमध्ये (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) पुन्हा भरती झालेला, एलटीसीचा, म्हणजे रजा प्रवास सवलतीचा, ॲडव्हान्स अंगावर असलेला, सेवेत मृत्यू आलेला, अशी वाकडी खाती शोधून शंभर-दोनशेचा संच कायमचा बाजूला ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर तोच संच चालवा. अधिकाऱ्यांच्या खात्यात प्रवासाची रद्द केलेली तिकिटं आणि न जुळवलेले ॲडव्हान्स यांचाही एक कप्पा त्यात असावा. डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टिमवरचं तिकीट रद्द झालं तरी खात्यातली नोंद आपोआप मिटेल असं कुणी धरू नये.

शेवटचं, पेन्शनचं. निवृत्तीच्या वेळी पे ऑफिसातून जो एलपीसी-कम-डेटाशीट (शेवटच्या पगाराचा दाखला आणि सेवेचा तपशील) जातो, त्यावरच स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेत पेन्शन बसतं. मूळ वेतनात एक घर चुकलं, समजा हजार रुपयांचं, तर पेन्शन पाचशेनं कमी आणि त्यावरची महागाई मदतही कमी. पुढे कुटुंब निवृत्तिवेतनही त्यातूनच निघतं. घरी आल्यावर हे दुरुस्त करायला माणूस आपशिंगे किंवा गडहिंग्लजहून उठून कुठल्या खिडकीवर जाणार? निवृत्तीच्या बारा महिने आधी जवानाला त्याच्या सेवेचा वेतनतक्ता द्या; भरतीपासूनची प्रत्येक वाढ, प्रत्येक बढती, प्रत्येक विकल्प, तारखेसकट. तो वाचून त्यानं सही करावी, हरकत असेल तर साठ दिवसांत लिहून द्यावी. चूक तेव्हा सापडली तर युनिट, रेकॉर्ड आणि पे ऑफिस तिघंही अजून त्याच्या फाइलीशी बांधलेले असतात.

यातलं बरंचसं काम मंजुरीवाचून, आहे त्याच माणसांत होण्यासारखं आहे. सुरुवात म्हणून एवढं करावं. येत्या महिन्यापासून युनिटातल्या प्रत्येक कंपनी ऑफिसच्या नोटीस बोर्डावर तीस दिवसांहून जुन्या नाकारलेल्या ऑर्डरींची यादी लागावी. त्यावर आर्मी नंबर, ऑर्डरचा विषय, कारण आणि ऑर्डर कुणाकडे आहे, एवढंच असावं. नाव नको, रक्कम नको. हेडक्लार्कनं दर सोमवारी ती बदलावी, आणि कमान अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा तिच्यावर तारखेसह सही करावी.

आपले,
युनिट, रेकॉर्ड आणि लेखा कार्यालयांतून निवृत्त झालेले काही जण
पुणे